मदत हवी आहे: करार मार्चला संपला, भाडेकरू जागा सोडत नाहीत (पुणे)

आईचा कोथरूडला तळमजल्यावर वन बीएचके आहे. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे नाशिकला आली आणि फ्लॅट एका कुटुंबाला दिला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन रजिस्टर केलेला, पोलिसांना माहितीही दिलेली. भाडं १८,५००, डिपॉझिट ७५,०००. करार ३१ मार्चला संपला.

मार्चमध्ये म्हणाले, मुलाचा दहावीचा निकाल लागू दे. निकाल लागला. मग अकरावीचं अ‍ॅडमिशन. आता जुलै आलाय आणि "जागा बघतोय काकू, तुमच्यासारखी मिळत नाही" हे चालू आहे. भाडं मात्र दर पाच तारखेला आईच्या खात्यात येतं. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने आम्ही ते मुकाट घेतलं. तिथेच चुकलं का?

गेल्या रविवारी मी आईला घेऊन गेले होते. माणसं वाईट नाहीत, चहा केला, आईच्या पायाही पडले. पण हॉलमध्ये बाबांच्या झोपाळ्याच्या कड्या आहेत, त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. आई तिथे काही बोलली नाही. परतताना चाकणपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "मला माझ्या घरी जायचंय." तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही.

भाऊ म्हणतो, अकरा महिन्यांचाच करार, त्यांना हक्कच नाही, ते गावी गेले की कुलूप बदल. सोसायटीतले एक काका म्हणतात, पाणी बंद करा, आठवड्यात जातील. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
कुलूप आणि पाणी, दोन्हीला हात लावू नका. करार संपला असला तरी ताबा त्यांच्याकडे आहे. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलं, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली ते सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतात. मग तुम्ही आरोपीसारख्या उभ्या.

तुमची बाजू चांगली आहे हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशाच प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा, दिवाणी कोर्टात नाही. समन्स मिळाल्यावर लढायचं असेल तर त्यांना ३० दिवसांत शपथपत्र देऊन परवानगी मागावी लागते. नाही मागितली, तर तुमचं म्हणणं मान्य धरतात. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण (रिव्हिजन).

आणि आईचा गुडघा, झोपाळा, यातलं काही तिथे सिद्ध करावं लागत नाही. मुदत संपली, एवढंच पुरे.

प्रतिसाद २
भाड्याबद्दल. "तीन महिने भाडं घेतलंत म्हणजे करार वाढवलात" असं त्यांचा वकील म्हणणार, हे धरून चाला. आजच वकिलाकडून नोटीस द्या: करार ३१ मार्चला संपला, वाढवलेला नाही, यापुढे आलेली रक्कम भाडं म्हणून नव्हे तर जागा वापरल्याची भरपाई म्हणून, हक्क राखून घेतली जाईल. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाईची तरतूद त्याच कलम २४ मध्ये आहे. म्हणजे महिना ३७,०००. आमच्या भाडेकरूने असाच दुप्पट आकडा नोटिशीत वाचला आणि त्याला पंधरा दिवसांत जागा मिळाली! सगळ्यांचं असं होईलच असं नाही.

डिपॉझिट चावी हातात आल्याशिवाय देऊ नका. त्या दिवशी लाइट मीटरचा फोटो काढा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आईला पुण्याला खेपा घालणं जमणार नाही, मी तिच्या वतीने अर्ज करू शकते का?

प्रतिसाद १
हो, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून घ्या. कराराची नोंदणीकृत प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आधी शोधून ठेवा.

धागाकर्ती
इंडेक्स टू बाबांच्या फाइलीत नाही, एजंटकडे असणार. उद्या फोन करते. हा धागा भावाला पाठवलाय. त्याने नुसता अंगठा दाखवलाय, पटलं की रागावलाय कोण जाणे.