पडलेला टेक शेअर: विकून मोकळं व्हायचं की धरून बसायचं?

शंकेखोर: पडलेला शेअर धरून बसलेले म्हणतात, "खरेदीभाव आला की विकतो". हे वाक्य मला पटत नाही. तुम्ही कितीला घेतला हे बाजाराला काय ठाऊक? पेटीएमचं बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये इश्यू (शेअरची पहिली जाहीर विक्री) 2150 ला, पहिल्याच दिवशी 27 टक्के आपटला. लोकांनी 1500 ला ॲव्हरेज केलं, म्हणजे सरासरी खरेदीभाव उतरावा म्हणून आणखी घेतले, 900 ला केलं, 600 लाही केलं. मग 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने त्यांच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि मे महिन्यात भाव 350 च्या खाली. तोटा बुक करा, म्हणजे तोट्यात विका आणि सुटा.

कट्ट्यावरचा: हाच सल्ला जुलै 2022 मध्ये झोमॅटोवाल्यांना मिळत होता! इश्यू 76 ला, 160 च्या वर जाऊन आलेला, लॉक-इन (जुन्या गुंतवणूकदारांवरची विक्रीबंदी) संपलं आणि थेट चाळिशीत. तेव्हा 'सुटलेले' डिसेंबर 2024 मध्ये 300 बघून कपाळ बडवत होते. घाबरून विकणं म्हणजे शिस्त नव्हे.

शंकेखोर: वर आलेलेच आठवतात हो. 2000 सालच्या तेजीतले, नंतर कोसळलेले पेंटामीडिया, डीएसक्यू सॉफ्टवेअर हे टेक शेअर धरून बसलेले कुठे आहेत?

कट्ट्यावरचा: ती प्रकरणं वेगळी, तिथे भाव फुगवणारा दलाल केतन पारेख होता. इथे निकाल दर तिमाहीला समोर येतात. झोमॅटोचा तोटा घटत होता, एप्रिल-जून 2023 मध्ये 2 कोटी नफाही दाखवला. वाचणाऱ्याला दिसत होतं.

शंकेखोर: मान्य. पण तो निकाल आला तेव्हाही भाव शंभराच्या आतच होता ना? म्हणजे 50 ला विकून नफा दिसल्यावर 90 ला परत घेतला असता तरी चाललं असतं. विकलं म्हणजे कायमची सोडचिठ्ठी नव्हे. उलट अडकलेला माणूस निकाल वाचतच नाही, ॲपच उघडत नाही.

कट्ट्यावरचा: 50 ला विकलेला 90 ला परत घेतो? असा एक तरी माणूस दाखवा. मनुष्यस्वभाव धरून बोला.

रिटर्नवाला: भांडा खुशाल, पण कर बघा. घेतल्यापासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा कुठल्याही भांडवली नफ्यातून (शेअरसारखी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यातून) वजा होतो, वर्षावर धरून विकलेल्याचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला 8 वर्षं पुढे ओढता येतो, पण प्राप्तिकराचं रिटर्न मुदतीत भरलं तरच. न विकलेल्या तोट्याला यातलं काहीच नाही.

कट्ट्यावरचा: कर वाचवायला शेअर विकायचा? मग नफाच नको म्हणा!