पिझारो-ओरेयानाची वाट: क्विटो ते कोका पायी जमेल का?

सावर्डेकर_चौकडी: आम्ही चिपळूणचे चौघे, भर पावसातल्या घाटवाटांची सवय आहे. 1541 साली गोन्सालो पिझारो आणि ओरेयाना हे स्पॅनिश सरदार दालचिनीच्या शोधात इक्वेडोरमधल्या क्विटोहून अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उतरले, ती वाट करायची आहे. मूळ वाट सापडते का? महिना कुठला धरावा?

जांभा_आणि_कातळ: पावलागणिक सापडायची नाही. सोबतच्या कार्वाहाल पाद्र्याने लिहून ठेवलंय, पण ते मुख्यतः नदीप्रवासाचं. धरून चालण्यासारखे टप्पे म्हणजे क्विटो (2,850 मीटर), पापायाक्ताची खिंड (सुमारे 4,060), सुमाको डोंगराचा परिसर, मग कोका नदी, आणि ती नापो नदीला मिळते तिथलं कोका गाव.

सह्याद्रीतला सराव पायांना पुरेल, श्वासाला नाही. कळसूबाईच 1,646 मीटर! क्विटोत निदान तीन रात्री काढा. खिंडीत मुक्काम नको, पलीकडे पापायाक्ता गावात (सुमारे 3,300) झोपा. डोकं दुखून मळमळायला लागलं की तडक खाली. पिझारोचे कितीतरी स्थानिक हमाल याच चढावर गारठून मेले.

खरी कसोटी त्याच्या खाली, 2,000 ते 1,000 मीटरच्या पट्ट्यात. आंबोलीचं धुकं आणि पाऊस बारा महिने, असं समजा. आपला जांभा भिजला तरी पाय धरतो. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, भिजली की उतारासकट सुटते. स्थानिक वाटाड्याशिवाय इथे शिरूच नका.

खाडीकाठ: जुना नकाशा घेऊन जाऊ नका. कोका नदीवरचा सान राफाएल धबधबा 2 फेब्रुवारी 2020 ला नाहीसा झाला. पात्राला भगदाड पडून पाणी खालून वाहू लागलं, आणि तेव्हापासून नदी वरच्या अंगाला पात्र खात चालली आहे. रस्ता आणि तेलाच्या पाइपलाइनी तुटल्या. त्यामुळे बाएसा गावाहून लोरेतो गावाच्या बाजूने उतरा.

डिसेंबर ते फेब्रुवारी चालायला त्यातल्या त्यात कोरडा. पण तेव्हा नापो नदीला पाणी कमी, होडी वाळूच्या दांड्यांवर अडकते. कोकाहून पुढे नापोने नुएवो रोकाफुएर्ते (पेरूच्या सीमेवरचं गाव) एरवीच होडीने दिवसभराचा प्रवास, एक दिवस हाताशी ठेवा.

चामड्याचे बूट वाळतच नाहीत, पाय कुजतात. तिथली माणसं गमबूटच घालतात, तेच घ्या. रात्री पाय कोरडे करून सुके मोजे. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

सावर्डेकर_चौकडी: आभार. ती दालचिनी खरंच होती का?

जांभा_आणि_कातळ: होती, पण आपली नव्हे. ती इश्पिंगो, तमालपत्राच्याच कुळातली. दापोलीच्या 'कोकण तेज' या दालचिनीच्या वाणाची साल सोलतात; इश्पिंगोचा वास फुलाच्या वाळलेल्या, टोपीसारख्या कपात असतो. झाडंही रानात लांब लांब विखुरलेली, व्यापाराला निरुपयोगी. क्विटोच्या बाजारात इश्पिंगो मागा, कप हातावर चुरडून वास घ्या.