कोलंबो आणि कोल्हापूर : राहणीमानाची तुलना

मंडळाच्या सर्व सभासदांस स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात येथे मानव विकास निर्देशांकाचा २०२५ चा तक्ता आला, त्यात श्रीलंका ८९व्या आणि भारत १३०व्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या मार्चमध्ये तेरा-तेरा तासांची वीजकपात आणि पेट्रोलच्या रांगा कोलंबोत सोसलेल्या मला हा तक्ता पटत नाही. ज्या देशाने त्याच एप्रिलमध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तो आपल्यापुढे कसा? आम्ही कोल्हापुरास परतण्याच्या विचारात आहोत, म्हणून पूर्वीच परतलेल्या सभासदांचे मत हवे आहे.

*

स. न. वि. वि.

आपली शंका रास्त आहे. मात्र तो निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एवढेच मोजतो, आणि यांपैकी पहिल्या दोन गोष्टी एका वाईट वर्षाने ढासळत नाहीत. श्रीलंकेचे सरासरी आयुर्मान साडेसत्त्याहत्तर वर्षांच्या आसपास आहे, भारताचे ७२. हे अंतर अलीकडचे नाही. कळुतरा येथे १९२६ साली पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले आणि तेव्हापासून सरकारी सुईण घरोघर जाऊ लागली. कोलंबोत आमच्या शेजारच्या गरोदर मुलीकडे ती न चुकता येत असे आणि कुटुंबाला त्यात काही विशेष वाटत नसे. आता कोल्हापुरात आमच्या गल्लीतही आशाताई येतात, पण बाळंतपणाची वेळ आली की ऐपत असो वा नसो, लोक खासगी दवाखान्याची पायरी चढतात आणि मग बिलासाठी सोने गहाण पडते.

शिक्षणाच्या बाबतीत कोल्हापूरकराला थोडी खंत वाटावी असा इतिहास आहे. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ साली; तेव्हाचे शिक्षणमंत्री कन्नंगर यांच्या प्रयत्नांनी श्रीलंकेत मोफत शिक्षण आले ते १९४५ मध्ये. आपण अठ्ठावीस वर्षे आधी निघालो होतो, परंतु एका संस्थानाचा निर्णय साऱ्या देशाचा झाला नाही, आणि त्यांचा निर्णय संपूर्ण बेटाचा झाला.

म्हणूनच 'भारत विरुद्ध श्रीलंका' ही मांडणी मला अपुरी वाटते. २०१८-२० या काळात भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते, महाराष्ट्रात ३३, आणि केरळात १९. श्रीलंकेची तुलना महाराष्ट्राशी केली तर दरी बरीच बुजते. आपण परतणार आहात ते कोल्हापुरास, भारताच्या सरासरीत नव्हे.

रोजच्या सोयींचे म्हणाल तर येथे भाजीवालीलाही फोनवरून पैसे देता येतात. उलट पंचगंगेचे पाणी चढू लागले की २०१९ आणि २०२१ आठवून नदीकाठची घरे सामान वरच्या मजल्यावर नेतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा मुद्दा मी मुद्दाम वगळते, अन्यथा निकाल आधीच लागेल.

*

ताईंस सादर नमस्कार.

महाराष्ट्राचा मुद्दा मान्य आहे. मात्र अरिष्टाची किंमत त्या तक्त्यात उशिरा उतरते, असे मला अजूनही वाटते. सुईण आमच्या भागात आजही येते, ती नोकरी टिकली आहे. पण २०२२ नंतर येथून अनेक डॉक्टर परदेशी गेले आणि आमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात ज्या तज्ज्ञाला दाखवण्यासाठी पूर्वी आठवडाभर थांबावे लागे, त्यासाठी आता दीड महिना थांबावे लागते. मोफत उपचार कायम आहेत, फक्त ते करणारा माणूस मेलबर्नला आहे. आईचे वय पाहता तेवढ्याचसाठी आम्ही मे महिन्यात निघत आहोत.