मदत हवी आहे : पानातल्या स्टार्चची चाचणी फसतेय

सातवीला प्रकाशसंश्लेषण शिकवतेय. जास्वंदीची कुंडी 48 तास अंधाऱ्या कपाटात ठेवली, मग एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून दिवसभर उन्हात. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलं, नंतर हिरवा रंग निघावा म्हणून गरम पाण्यात उभ्या केलेल्या परीक्षानळीत अल्कोहोलमध्ये, धुऊन वर आयोडीन. सगळं पान सारखंच पिवळट-तपकिरी! स्टार्च दाखवणारा निळा-काळा रंग कुठेच नाही. आयोडीन ठीक आहे, बटाट्याच्या फोडीवर थेंब पडताच ती काळीनिळी झाली. एकच खटकतंय: अल्कोहोलमधून काढल्यावरही शिरांजवळ हिरवटपणा होता. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पण माझं पाणी किटलीतलं, चटकन निवतं. वर्गात ज्योत चालणार नाही, तास 40 मिनिटांचाच. मग गरम पाणी दोन-तीनदा बदलून भागेल, की पातळ पानाचं दुसरं झाड घेऊ?