मास्क वाटले म्हणजे जोखीम संपली का? सोलापूरच्या रंगखान्यांविषयी

पूर्वभागकर (धागाकर्ता)
अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे रंगमास्तर होतो. गेल्या महिन्यात जुन्या सहकाऱ्यांना भेटायला तिथे गेलो, तेव्हा दारातच मास्कचा खोका दिसला आणि बरे वाटले. रंग तोलण्याची खोली मात्र पूर्वीसारखीच होती: आठ बाय दहाची जागा, एकच खिडकी, आणि वाऱ्याने पावडर उडते म्हणून तीही बंद. तोलणारा मुलगा डब्यातून रंग काढून काट्यावर ओतत होता आणि फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत निळी धूळ तरंगताना स्पष्ट दिसत होती. त्याचा मास्क हनुवटीवर होता. सोलापूरच्या मे महिन्यात, शेजारी उकळते टब असताना, तो आठ तास नाकावर राहील अशी अपेक्षा ज्यांनी ठेवली, त्यांनी स्वतः तो तासभर लावून पाहावा.

एखादा पदार्थ घातक असणे वेगळे आणि त्यापासून माणसाला अपाय होण्याची जोखीम वेगळी. ती जोखीम किती पदार्थ, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने अंगात जातो यावर ठरते. म्हणून आधी हवा मोजली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा कामाच्या जागेतील हवेत कोणता पदार्थ किती चालेल याची यादीच त्यात जोडली गेली. सल्फर डायऑक्साइडसाठी आठ तासांची सरासरी दहा लाख भागांत २ भाग, अशी त्यात नोंद झाली. हायड्रोचा, म्हणजे रंगाईत लागणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटच्या पावडरीचा, डबा ओलसर हवेत उघडा राहिला की नाकाला झोंबतो तो हाच वायू. तो किती आहे हे न मोजता मास्क वाटणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

रंगमालक
मास्तर, आपले तोलखोलीचे वर्णन खरे आहे, पण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माझ्याकडे आठ माणसे आहेत. कारखाने अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला वीस कामगार लागतात, त्यामुळे आपण सांगता ती यादी माझ्या दारापर्यंत येतच नाही. ही पळवाट म्हणून सांगत नाही. पूर्व भागातील बहुतेक छोट्या रंगखान्यांची हीच स्थिती आहे.

समजा मी मोजले. प्रयोगशाळेचा माणूस कामगाराच्या कमरेला पंप आणि कॉलरला त्याची नळी अडकवणार, दिवसभर हवा ओढणार आणि काही दिवसांनी अहवाल देणार. पण कोणत्या दिवसाची हवा? दिवाळीआधी चादरी-टॉवेलच्या मागणीमुळे दोन पाळ्या चालतात त्या दिवसाची, की गड्ड्याच्या यात्रेत निम्मी माणसे सुट्टीवर असतात त्या दिवसाची? शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या, धुळीसाठी त्या यादीत आकडाच नाही, मग अहवालातील आकडा कशाशी ताडायचा? तेच पैसे मी हवा खेचणाऱ्या पंख्यावर घालीन.

मोजमापी
मी काही वर्षे अशा चाचण्यांचे काम केले आहे, तरीही येथे मालकांच्या बाजूने बोलतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची धूळ श्वासनलिकेला संवेदनशील करते; एकदा दमा जडला की त्यानंतर अगदी थोडी धूळही त्या माणसाला पुरते. अशा पदार्थाची सुरक्षित पातळी शोधत बसण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून लहान उद्योगांसाठी वेगळी पद्धत आहे: पदार्थाची घातकता, एका वेळी वापरायचे प्रमाण आणि तो किती उडतो, एवढ्या तीन गोष्टींवरून थेट उपायाचा गट ठरवायचा. मोजमाप नंतर, उपाय चालतो की नाही हे पाहण्यासाठी करायचे. धूळ न उडणारा दाणेदार किंवा द्रवरूप रंग घेता आला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मास्कबद्दल एकच सांगतो. धुळीचा मास्क वायू अडवत नाही. हायड्रोच्या वासासमोर तो बांधणे म्हणजे चाळणीने पाणी अडवणे होय. त्यासाठी मुखवट्याला लावायचे, आम्लवायू शोषणारे वेगळे काडतूस लागते.

विडीवालीची लेक
पंख्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आमच्या बोळात एका रंगखान्याने असाच पंखा बसवला आणि त्याचे तोंड आमच्या अंगणाकडे केले. आत हवा स्वच्छ झाली असेल, त्याचा आनंदच आहे. पण माझी आई त्याच अंगणात सुपात तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळते. तंबाखूची धूळ नाकात, निकोटीन बोटांवाटे अंगात, आणि आता वरून तो आंबूस, झोंबणारा वास. तिच्या कॉलरला ती नळी कोण लावणार? तिचे घर कारखाना नाही, म्हणून तुमच्या दोघांच्याही हिशोबात ती नाही. जोखीम कमी झाली नाही, भिंतीच्या या बाजूला आली.

पूर्वभागकर
ताई, हे माझ्या लक्षात यायला हवे होते, आले नाही. रंगाच्या धुळीबाबत मी मोजमापी यांचे म्हणणे मान्य करतो: तिथे आधी मोजण्याचा हट्ट चुकीचा आहे. हायड्रोच्या वायूबाबत मात्र मी मागे हटणार नाही, कारण त्याला आकडा आहे, आणि अंगणात तो किती पोहोचतो हे वासावरून ठरवता येत नाही, नाक सरावते.

मालक, आपल्याला एक प्रश्न आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत लिटरमागे पन्नास ग्रॅम मीठ आणि किलोभर सुताला दहा लिटर पाणी धरले, तर एक किलो सुतामागे अर्धा किलो मीठ गटारात जाते. रंग प्रक्रिया करून काढता येतो, मीठ साध्या प्रक्रियेने जात नाही. ते कोणाच्या बोअरला जाते?

रंगमालक
मिठाचे गणित बरोबर आहे आणि त्यावर आज माझ्याकडे उत्तर नाही. पाणी आटवून मीठ वेगळे करणारे आटवणी यंत्र एकट्याला परवडणारे नाही. दहा-बारा जणांनी मिळून केले तरच ते शक्य आहे, आणि आमच्यात एकमताने तर गणपतीची वर्गणीही ठरत नाही.

ताई, पंखा माझा नव्हे, पण माझ्याही पंख्याचे तोंड बोळाकडेच आहे, हे आपले वाचून बाहेर जाऊन पाहिले. छपराच्या वर नळी नेण्यासाठी पत्र्याच्या कारागिराला शुक्रवारी बोलावले आहे. तोपर्यंत हायड्रोचा डबा वापर होताच झाकायचा, आणि तोलखोलीतून हलवून कोरड्या जागी ठेवायचा, एवढे आजपासून सांगितले आहे.

विडीवालीची लेक
शुक्रवारनंतर नळी किती उंच गेली ते लिहा. आमच्याकडच्या मालकांना दाखवायचे आहे.