आपल्याकडे कुठंय वर्णद्वेष? (जळगाव एमआयडीसीतला अनुभव, मतं हवीत)

तापीकाठचा (धागाकर्ता)

आमच्या कंपनीचा माल अमेरिकेत जातो. तिकडच्या गिऱ्हाईकाची अट म्हणून गेल्या महिन्यात ऑफिस आणि शॉप फ्लोअर, सगळ्यांना वर्णद्वेषावरचं तासाभराचं ट्रेनिंग झालं. पडद्यावर मिनियापोलिस, २५ मे २०२०, जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा. मग दक्षिण आफ्रिकेतलं शार्पव्हिल, २१ मार्च १९६०. काळ्या लोकांना सतत पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, ६९ माणसं गेली. त्याच तारखेला आता जगभर वर्णद्वेषविरोधी दिवस पाळतात. शेवटी दहा प्रश्न होते, सगळे पास. बाहेर पडताना आमचा शिफ्ट इन्चार्ज म्हणाला, "बरंय, आपल्याकडे गोरे-काळे नाहीत."

त्याच दिवशी दुपारी दोन ऑपरेटर मशीनवर भांडले. हाच इन्चार्ज ओरडला, "ए, ही काय भिलाटी आहे का?" (भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती.) शेजारी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा एक पावरा आदिवासी पोरगा उभा होता, आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आलेला. सगळे हसले. तोही हसला. आणि मीही हसलो.

घरी गेल्यावर डोक्यातून जाईना. तीन महिन्यांत त्या पोराला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. "पावऱ्या", नाहीतर "जंगल". डबा उघडला की "आज काय शिकार?" सकाळी सहाच्या शिफ्टला गेटवरचं चेहरा ओळखणारं मशीन त्याला दोन-तीनदा नाकारतं, तेव्हा वॉचमन म्हणतो, "पावडर लावून येत जा." तोवर सहा वाजून पाच मिनिटं होतात. तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा स्टायपेंड कट.

याला वर्णद्वेष म्हणायचं की नाही? आणि माझ्यासारख्या मेंटेनन्सच्या माणसाने, ज्याच्या हातात ना एचआर ना पगार, नेमकं काय करावं?

भरीतपुरी

काय भो, एक व्हिडिओ पाहिला अन लगेच समाजसुधारक? मी दोन वर्षं पुण्यात आयटीत होतो. तोंडातून आपलं अहिराणी "शे" (आहे) निघालं की अख्खी टीम खिदळायची. माझं नावच "माले-तुले" पडलं होतं. म्हणून मी काय धागा काढला? शॉप फ्लोअरवर चिडवाचिडवी चालतेच. टकल्याला टकल्या म्हणतात, जाड्याला जाड्या. अमेरिकेत माणसं जहाजात कोंबून आणून विकली, ते वेगळं. तापीत काही ती जहाजं आली नव्हती.

आश्रमशाळेतली बाई

भरीतपुरी, तुम्हाला हसले हे वाईटच. पण "माले-तुले" म्हणणाऱ्याला पुण्यात कुणी खोली नाकारली? माझे दोन माजी विद्यार्थी जळगावात कॉलेजला आले, तेव्हा तीन घरमालकांनी आडनाव विचारलं आणि "खोली कालच गेली" म्हणाले. चौथ्याने दिली, तीही गच्चीवरची पत्र्याची.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १०० मधले ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्याच सुरत-भुसावळ लाईनवर गाडीत बसून पोरगं जळगावला उतरतं आणि "जंगल" होतं. टकल्याचं टक्कल त्याच्या आजोबांपर्यंत जात नाही हो. "भिलाटी" म्हटलं की सगळी वस्तीच शिवीत येते.

काळा कोट

शब्दापुरतं बोलतो, कारण ट्रेनिंगवाले हे सांगत नाहीत.

"वर्ण" आणि "वंश" आपण एकाच पिशवीत टाकतो. जात म्हणजे वंश नव्हे, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ठामपणे मांडलं. २००१ ला डर्बनच्या वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारनेही हीच बाजू लावून धरली, हेतू मात्र वेगळा होता: जातीचा विषय बाहेर चघळला जाऊ नये. पण भारताने १९६८ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी करारात वंश आणि रंगाच्या जोडीला "जन्मकुळ" हाही आधार आहे, आणि २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने त्यात जात येते असं स्पष्ट केलं. तेव्हा नाव काही द्या, मोकळं कुणी सुटत नाही.

आता कामाचं. बायकांसाठी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असली की तक्रार समिती लागते. जात, जमात, रंग यांसाठी खाजगी कंपनीवर अशी समितीची सक्ती नाही. उरतो १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. त्यात अपमान "लोकांच्या नजरेसमोर" व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं त्या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. शॉप फ्लोअरवर दहा जण ऐकत असतील तर गोष्ट निराळी. धागाकर्ते, तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं ते आजच वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी साक्षीदारांना काहीच आठवत नसतं.

रोखठोक रावेर

लगेच अॅट्रॉसिटी! म्हणूनच लोक आदिवासी पोरांना कामावर घ्यायला कचरतात.

आणि मशीनला जात कळत नाही हो. सकाळी सहाला गेटवर पाठीमागून हॅलोजन येतो, चेहरा अंधारात जातो. माझा मामा रंगाने तव्यासारखा, केळीचा बागायतदार, त्यालाही बँकेतलं मशीन ओळखत नाही. त्यालाही म्हणणार का वर्णद्वेष?

तापीकाठचा

हॅलोजनचं बरोबर आहे. काल जाऊन पाहिलं, मशीन तोंडावर उजेड पडेल असं फिरवून घेतलं. पोरगा आज पहिल्या झटक्यात आत. पण तुमच्या मामालाही ओळखत नसेल तर माझाच मुद्दा पक्का होतो की. २०१८ मध्ये अमेरिकेत तीन मोठ्या कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासली होती. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आपल्या गेटवरचं मशीन निराळं, मान्य. मशीनला जात कळत नाही, पण ज्यांचे फोटो दाखवून त्याला शिकवलं तेवढेच चेहरे त्याला नीट कळतात. आणि "पावडर लाव" हे काही मशीन म्हणालं नव्हतं.

धुळेकर

दरवर्षी इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल नायक खाज्या नाईकांच्या फोटोला हार घालायचा, १८५८ ची आंबापाणीची लढाई भाषणात आणायची, अन कंपनीत आल्यावर "भिलाटी". इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण खानदेशात उभी केली, तेव्हापासून ह्या लोकांवर एक तर लुटारू नाहीतर शिपाई हाच शिक्का. ऑपरेटर म्हणून त्यांच्याकडे बघायची सवयच नाही आपल्याला.

नर्मदेकडचा

एवढं सगळं वाचलं. मी पावरा आहे, अकरा वर्षं एमआयडीसीत काढली. दोन्ही बाजूंनी मला हसू आलं.

भरीतपुरी, तो पोरगा का हसला ते सांगतो. वर्षाच्या शेवटी त्याच्या कागदावर सही करणारा तोच इन्चार्ज आहे. मीही असाच हसायचो.

वकीलसाहेब, केस कुणाच्या नावावर होईल? त्या पोराच्या. तारखांना कोण जाईल? धडगावहून तो. मी कायद्याच्या विरोधात नाही, त्याच कायद्यामुळे आमच्या वस्तीत पाटलाची शिवीगाळ थांबली. पण पोराला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने कुणी शूर होऊ नका.

आणि तापीकाठचा भाऊ, तुम्ही टोमणे मोजले, लेटमार्क मोजले. एक गोष्ट मोजली नाही. तीन महिन्यांत त्याला डाय (मशीनचा साचा) बदलायला शिकवलं का? एक्सट्रूडरचं, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून डायमधून काढणाऱ्या मशीनचं, तापमान सेट करायला दिलं का? की भंगार ग्राइंडरवर दळायला ठेवलंय? माझं पहिलं वर्ष नुसतं झाडण्यात आणि पोती शिवण्यात गेलं. माझ्याबरोबर लागलेली दोन पोरं आठव्या महिन्यात लाईन चालवायला लागली. मला शिवी कुणी दिली नाही, सगळे गोड बोलायचे. चार वर्षं हेल्पर राहिलो.

भरीतपुरी

हे मात्र खरं आहे राव. पुण्यात मला हसले, पण प्रोजेक्ट देताना कुणी मागे ठेवलं नव्हतं.

तापीकाठचा

तीन दिवस लिहिलं नाही, कारण दाखवायला तोंड नव्हतं. ड्यूटीचं रजिस्टर काढून पाहिलं. आमच्याकडे चार अप्रेंटिस. तिघं आळीपाळीने लाईनवर. हा सत्तर दिवसांपैकी एकसष्ट दिवस ग्राइंडरवर. मेंटेनन्सवाला म्हणून त्याच ग्राइंडरचे ब्लेड मी दोनदा बदलून आलोय, त्याच्याशी बोललोही असेन. दिसलं नाही.

काल चहाच्या टपरीवर त्याला विचारलं. तक्रार नको म्हणाला. लेटमार्क निघाले तर बरं, आणि डाय. टोमण्यांचं विचारलं तर खांदे उडवले. टाइम ऑफिसला मशीनच्या बिघाडाचा माझ्या सहीचा रिपोर्ट दिला, सहापैकी चार लेटमार्क निघाले. डायचं काम मेंटेनन्सकडेच असतं, त्यामुळे सोमवारपासून तो माझ्या हाताखाली अर्धा दिवस. इन्चार्ज माझ्याशी बोलत नाही. "तुझा जावई लागतो का तो?" एवढं म्हणाला फक्त.

रोखठोक रावेर

उरलेल्या तिघांपैकी एखादा म्हणेल मला का नाही मेंटेनन्सकडे? मग त्याच्यावर अन्याय नाही का?

तापीकाठचा

त्यालाही घेईन की. पण आधी एकसष्ट दिवस ग्राइंडरवर पाठवीन.

भरीतपुरी

भो, मी तुले चुकीचा नही म्हनस आते. पण एक सांग. कुणी त्याले नावाने हाक मारत नही म्हणून रडलास, अन एवढ्या धाग्यात तूही त्याचं नाव एकदा लिहिलं नाहीस.

तापीकाठचा

विचारलं होतं त्याला. नको म्हणाला. सही व्हायची आहे अजून.