ट्विस्ट पेनचे सुटे भाग: पैसे मोजके असतील तर ते कशावर खर्च करावेत?

लाकूडछंदी (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात लेथवर लाकडी ट्विस्ट पेन करतो आहे. सगळे पेन ७ मिमीच्या पितळी नळीचे आणि दोन तुकड्यांचे, म्हणजे ज्यांना स्लिमलाइन म्हणतात तेच. हात बसेपर्यंत चांगले सामान वाया जाऊ नये, म्हणून सुरुवातीला सर्वांत स्वस्त किट एकगठ्ठा घेतली आणि त्यांतून झालेले पेन मित्रांना व नातेवाइकांना देऊन टाकले. आता ते एकेक करून दुरुस्तीसाठी परत येऊ लागले आहेत. काही पेनांचा सोनेरी मुलामा बोटे टेकतात नेमका तेथेच उडून खालचे पितळ उघडे पडले आहे. काहींचा वरचा भाग नुसताच गरगर फिरतो, पण रिफिल जागची हलत नाही. एका पेनाची रिफिल आत घेतल्यावरही तिचे टोक टाचणीच्या डोक्याएवढे बाहेर राहते, आणि त्यापायी एका गृहस्थांचा सदरा कायमचा गेला.

यापुढे पेन कमी केले तरी चालतील, पण ते पुन्हा माझ्याकडे येऊ नयेत अशी इच्छा आहे. सरसकट महागडी किट घेणे परवडणारे नाही. तेव्हा मुलामा, फिरवण्याची यंत्रणा, नळ्या, क्लिप आणि रिफिल यांपैकी कशावर हात सैल सोडावा आणि कशावर आखडता घ्यावा? आणि गठ्ठ्याने खरेदी करण्यापूर्वी भाग चांगला की सुमार, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

जुना कातारी

आपल्या तीन तक्रारींपैकी एकच निश्चितपणे सामानाची आहे, दुसरी सामानाची किंवा कामाची असू शकते आणि तिसरी बहुधा आपल्याच हातची आहे. हे आधी वेगळे काढले नाही, तर महाग किटमध्येही तेच दोष उतरतील.

तिसरीपासून सुरुवात करतो. स्लिमलाइनमध्ये यंत्रणेचा पितळी भाग खालच्या नळीत दाबून बसवतात आणि तो किती खोल जातो यावर रिफिल किती बाहेर येणार हे ठरते. तो गरजेपेक्षा जास्त आत गेला की टोक कायमचे बाहेर राहते, आणि आत गेलेला भाग सहजासहजी मागे येत नाही. बऱ्याच यंत्रणांवर खोलीची खाचरेघ असते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबावे, रिफिल आट्यांवर घट्ट बसवून फिरवून पाहावे आणि मग केसाकेसाने पुढे जावे. याच्या जोडीला आणखी एक कारण असते, जे चटकन लक्षात येत नाही. ब्लँकची (नळी चिकटवलेल्या लाकडाच्या तुकड्याची) टोके काटकोनात सपाट करताना आपण लाकडाबरोबर नळीही कापत गेलो, तर खालचा भाग मुळातच आखूड होतो आणि मग रेघेपर्यंत दाबलेली यंत्रणाही जास्त खोल ठरते. लाकडाच्या भुशात पितळेची पहिली चमक दिसली की तेथेच थांबावे.

आता गरगर फिरण्याविषयी. वरचा भाग यंत्रणेवर केवळ घर्षणाने घट्ट बसतो, कारण रिफिल बदलण्यासाठी तो ओढून काढावा लागतो. नळीचा आतला व्यास शेकडांश मिलिमीटरच्या हिशेबातही सैल असला की पकड सुटते. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या ७ मिमी नळ्या आणि यंत्रणा कागदावर सारख्याच असतात, पण हातात घेतल्यावर फरक कळतो. आपण एका ठिकाणच्या नळ्या आणि दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणा एकत्र केल्या असतील, तर दोष तेथेच आहे. जे पेन परत आले आहेत त्यांच्या यंत्रणेच्या वरच्या अर्ध्या भागावर पातळ सुपरग्लूचा अगदी पुसट थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच नळी चढवावी. ओल्या गोंदावर चढवली तर पेन टिकेल, पण त्याची रिफिल पुन्हा कधीच बदलता येणार नाही. मी स्वतः हा उद्योग केलेला आहे.

म्हणून पैशाचा पहिला हक्क यंत्रणेचा. पेन घेणारा माणूस लाकडाची जात विसरतो, पण फिरवताना लागणारी खरखर त्याला रोज जाणवते. नवी यंत्रणा बोटांत धरून पन्नास-साठ वेळा फिरवून पाहावी. चांगली यंत्रणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने फिरते आणि दोन्ही टोकांना ठाम थांबते. सुमार यंत्रणा मध्येच अडखळते किंवा शेवटाला पोहोचल्यावरही मऊपणे पुढे सरकत राहते.

मुलाम्याचा माणूस

मुलाम्याविषयी मी लिहितो, कारण स्वस्त किट घेणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. नावात ‘२४ कॅरेट’ असले की ते भारी वाटते, पण शुद्ध सोने मऊ असते आणि पेनावर त्याचा थर अतिशय पातळ असतो. घाम, नखे आणि खिशातले कापड यांच्यापुढे तो फार काळ तग धरत नाही. १० कॅरेटच्या मुलाम्यात इतर धातू मिसळलेले असल्याने तो थोडा अधिक टिकतो. सोनेरी रंगच हवा असेल, तर टायटॅनियम नायट्राइडचा थर पाहावा. हा निर्वात कक्षात चढवला जातो, ड्रिल बिटवर जो सोनेरी थर दिसतो तो याच जातीचा असतो, आणि त्याच्या कठीणपणापुढे सोन्याची तुलनाच होत नाही.

मात्र हात आखडता घ्यायचा असेल, तर माझे मत सरळ आहे: क्रोम घ्यावे. क्रोमचा शोभेचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, पण तो कठीण असतो आणि त्याच्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो, जो गंजापासून खरे संरक्षण देतो. ऱ्होडियम त्याहून सरस आहे यात शंका नाही, पण चमकदार लाकडाशेजारी दोघांतला फरक पाहणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येतो. काळ्या रंगाच्या किटबाबत सावध असावे, कारण ‘काळे टायटॅनियम’ आणि ‘काळे इनॅमल’ दुकानात जुळ्या भावांसारखे दिसतात, पण इनॅमल हा रंगच असल्याने क्लिपच्या कडेला त्याचे टवके उडतात.

परीक्षा सोपी आहे. प्रत्येक जातीचे एकच किट मागवावे, त्यातला टोकाचा शंकू किल्ल्या आणि नाण्यांबरोबर दोन आठवडे खिशात वागवावा आणि नंतर भिंगाखाली पाहावा. चुंबकही जवळ ठेवावे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नये. क्लिप पोलादी असल्याने ती चिकटणारच. शंकू किंवा मधली कडी जोरात चिकटली, तर आत पितळ नाही हे नक्की. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक ओढत नाही. तेथे वजन उपयोगी पडते. त्याच आकाराचा पितळी भाग जस्ताच्या भागापेक्षा जड लागतो.

दोन नळ्या कशाला

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु मूळ प्रश्नकर्त्याने पेनाचा प्रकारच बदलण्याचा विचार का करू नये, हे मला समजत नाही. स्लिमलाइनमध्ये क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल जाते. जाड नळीच्या अनेक ट्विस्ट पेनांत पार्कर पद्धतीची रिफिल बसते. हा आकार आयएसओ १२७५७ या मानकात जी२ म्हणून नोंदलेला आहे, त्याची लांबी सुमारे ९८ मिमी असते आणि पुष्कळ कंपन्या तो बनवत असल्याने बॉल, जेल, बारीक, जाड अशी हवी ती रिफिल निवडता येते. किटबरोबर फुकट येणारी रिफिल मी तर सरळ कच्च्या कामासाठी ठेवतो. साधे किट आणि चांगली रिफिल ही जोडी भारी किट आणि सुमार रिफिल यांच्यापेक्षा लिहिणाऱ्याला नेहमीच अधिक आवडते.

शिवाय एकाच नळीच्या पेनांत यंत्रणा बहुधा आट्यांनी बसते, त्यामुळे बिघडली तर ती उघडून बदलता येते. किट थोडे महाग पडते हे मान्य, पण एकच ब्लँक कातायचा, एकदाच भोक पाडायचे आणि मध्यावर लाकडाच्या रेषा जुळवण्याची कटकट नाही.

जुना कातारी

नवीन ड्रिल बिट, नवीन बुशिंग (कातताना ब्लँकच्या टोकांना लावायची मापाची धातूची कडी) आणि काही वेळा वेगळी मँड्रेलही (ब्लँक लेथवर धरणारी दांडी) लागते, हे आपण सांगायचे राहिले. ज्यांचे अंदाजपत्रक आधीच ताणलेले आहे त्यांनी हा खर्च मोजल्याशिवाय प्रकार बदलू नये. रिफिलबाबत मात्र पूर्ण सहमत आहे. क्रॉस पद्धतीतही चांगल्या रिफिल मिळतातच.

जाता जाता, खरी बचत कोठे आहे ते सांगतो. पितळी नळ्या सुट्या मिळतात आणि किटच्या मानाने त्या अगदी स्वस्त असतात. ब्लँक तडकण्याचे प्रसंग भोक पाडताना किंवा कातताना येतात, आणि त्या वेळी वाया जाते ती केवळ नळी. म्हणून सुट्या नळ्यांवर ब्लँक तयार करावा आणि तो पॉलिश होऊन हातात आल्याशिवाय किटची पिशवी फोडूच नये. फक्त त्या नळ्या त्याच विक्रेत्याकडच्या असाव्यात, हे वर म्हटलेच आहे.

बुशिंग सँडपेपरखाली झिजते, म्हणून लाकडाचा शेवटचा व्यास बुशिंगवरून ठरवू नये. कडी आणि शंकू स्वतः व्हर्नियरने मोजावेत. जोडणीवरून नख फिरवल्यावर ते अडकले, तर किट कितीही भारी असो, पेन स्वस्तच वाटतो.

लाकूडछंदी

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी परत आलेले पेन पंचाने ठोकून सुटे केले आणि मोजले. रिफिल बाहेर राहणाऱ्या पेनाची खालची नळी, न वापरलेल्या नळीशेजारी उभी केल्यावर, जवळपास दीड मिलिमीटर आखूड निघाली. म्हणजे त्या सदऱ्याचा दोष किटच्या माथी मारता येणार नाही. गरगर फिरणाऱ्या पेनांपैकी बहुतेकांत नळ्या एका ठिकाणच्या आणि यंत्रणा दुसऱ्या ठिकाणच्या होत्या. सुपरग्लूचा थर देऊन, रात्रभर वाळवून जोडल्यावर ते ठीक चालत आहेत आणि वरचा भाग ओढून काढताही येतो.

किट क्रोमची ठरवली आहेत. तूर्त स्लिमलाइनच ठेवणार, कारण ७ मिमीचे सगळे साहित्य घरात आहे. क्रोमचे आणि काळ्या टायटॅनियमचे एकेक किट मागवले, दोन्ही शंकू किल्ल्यांबरोबर खिशात आहेत. काळ्या शंकूच्या कडेला दहाव्या दिवशी एक पांढुरकी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे मुलामा उडाला आहे, की किल्लीचाच धातू त्यावर घासून बसला आहे?

मुलाम्याचा माणूस

स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने आधी पुसावे, म्हणजे मळ निघून जाईल. रेघ तरीही राहिली, तर खोडरबराने हलक्या हाताने घासावी. कठीण थरावर किल्लीचा मऊ धातू पेन्सिलीसारखा उमटतो आणि असा डाग घासल्याने फिका होत जातो. फिका झाला, तर थर शाबूत आहे आणि उलट किल्लीच झिजली आहे. काहीही फरक पडला नाही, तर भिंगाखाली रेघेवर नख आडवे फिरवून पाहावे. खाच लागली, तर ते किट घेऊ नये.